झाकलेले दुखणे

दारू सोडविणारे चूर्ण खरोखरच मिळते का, आणि ते पिणाऱ्याला कळू न देता त्याच्या कॉफीत किंवा सांबारात कालवून देता येते का, असा प्रश्न आपल्या घरांतून किती वेळा विचारला जातो, याची कल्पना ज्यांच्या घरी हे दुखणे नाही त्यांना सहसा येणार नाही. विचारणारी बहुधा पत्नी किंवा आई असते, आणि प्रश्न नेहमी हलक्या आवाजात विचारला जातो. अशा चूर्णांच्या जाहिराती भिंतींवर असतात, वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत असतात. आता तर त्या मोबाईल फोनवरही येऊन पोचल्या आहेत. न सांगता दारू सोडवा, एवढाच त्यांचा सारांश. परंतु त्यांतील 'न सांगता' या शब्दांत जेवढे आकर्षण आहे तेवढे 'सोडवा' या शब्दातही नसावे, असे मला वाटत आले आहे.

प्रथम त्या चूर्णाचाच निकाल लावू. त्यात नुसता झाडपाला असेल तर पैसे पाण्यात गेले एवढेच म्हणायचे. पण त्यात डायसल्फिराम नावाचे औषध असेल, किंवा कोणी त्याच्या गोळ्या आणून घरी कुटून घालत असेल, तर प्रकरण गंभीर आहे. हे औषध खोटे नव्हे. कोपनहेगन येथील येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोन संशोधक १९४० नंतरच्या दशकात जंतांवरील औषध म्हणून त्याची परीक्षा पाहत होते. ते त्यांनी स्वतः घेऊन पाहिले, आणि त्यानंतर थोडेसे मद्य पोटात जाताच आपण आजारी पडतो असे त्यांच्या ध्यानात आले. त्याचे कारण असे, की मद्य शरीरात गेले म्हणजे त्याचे प्रथम एका विषारी द्रव्यात रूपांतर होते आणि मग यकृत त्या द्रव्याचा निचरा करते. डायसल्फिराम हा निचरा अडविते. विष रक्तात साचते, चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकू लागते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो. हृदयाचा किंवा यकृताचा विकार असलेल्या माणसाच्या हे जिवावरही बेतू शकते. शेवटची गोळी घेतल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो.

म्हणूनच डॉक्टर हे औषध तपासण्या करून, सर्व समजावून आणि रुग्णाच्या संमतीनेच देतात. आपण गोळी घेतली आहे हे ज्याला ठाऊक असते त्याचा हात पेल्याकडे जाताना थबकतो, आणि औषधाचा खरा गुण त्या थबकण्यातच आहे. ज्याला काही ठाऊकच नाही तो थांबेल कशाला? तो नेहमीप्रमाणे पिईल आणि कोसळेल. शिवाय घरच्या माणसांनी आपल्या अन्नात काही कालविले, हे एकदा त्याला कळले, की त्या घरात पुन्हा विश्वासाने वाढलेले ताट उरत नाही. तेव्हा चूर्ण नको, हे उत्तर निःशंकपणे देता येते. अवघड आहे तो प्रश्न पुढचाच: 'न सांगता' याचा एवढा मोह आपल्याला का पडावा?

हे सदर मी बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातून लिहीत आहे. १८९८ सालच्या प्लेगनंतर शहराची दाटी सोडून लोक मोकळ्या हवेत राहावयास गेले, तेव्हा ज्या नव्या वस्त्या भरल्या त्यांपैकी ही एक. येथील काडू मल्लेश्वराच्या देवळाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी या देवाला दिलेल्या इनामाची नोंद १६६९ सालच्या शिलालेखात आहे. संपिगे रस्त्यावरची वर्दळ, आठव्या क्रॉसवरचा फुलांचा आणि भाजीचा बाजार, पहाटेची फिल्टर कॉफी, शाळा, संगीतसभा, अशी ही सुसंस्कृत वस्ती. अशा वस्तीत दारूचा विषय निघाला की तो दुसऱ्या कोणाचा तरी, गुत्त्यावर जाणाऱ्या मजुराचा, असे धरूनच बोलणे चालते. बाकीच्या शहरांतील आपल्या मराठी वस्त्याही याला अपवाद नाहीत.

अशाच वस्तीतील एक घर कल्पावे. गृहस्थ चांगल्या हुद्द्यावर, पत्नी शिकलेली, सासूबाई घरात, मुलगी दहावीत, मुलगा तिच्याहून धाकटा. प्रारंभी शनिवारी मित्रांबरोबर होणारे पिणे हळूहळू रोजचे झाले आहे. सोमवारी सकाळी कचेरीत फोन करून "यांना ताप आहे, आज येऊ शकणार नाहीत" असे पत्नीच सांगते. वाण्याची उधारी ती आपल्या शिलकीतून भागविते. लग्नकार्यांची आमंत्रणे ती काही ना काही निमित्ताने टाळते, कारण पंगतीत काय होईल याचा नेम नाही. सासूबाई म्हणतात, "त्याला कामाचा ताण फार, तू जरा सांभाळून घे." मुलगी मैत्रिणींना घरी आणीत नाही, का ते तिला कोणी शिकविलेले नाही. मुलगा संध्याकाळी फाटक वाजले की आवाजावरून ओळखतो, आज बाबा कसे आले आहेत ते. शेजाऱ्यांना सारे माहीत असते, आणि त्यांना माहीत आहे हे या घरालाही माहीत असते, तरीही दोन्ही बाजूंनी काहीच घडत नसल्यासारखे चालते.

या घरातले प्रत्येक माणूस जे करते ते प्रेमापोटी, आणि लाजेपोटी करते. परिणाम मात्र एवढाच होतो, की दारूमुळे जे नुकसान पिणाऱ्याच्या नजरेस पडावयास हवे होते ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. कचेरीतली गैरहजेरी ताप ठरते, उधारी आपोआप फिटते, सांडलेले पहाटेपूर्वी पुसलेले असते. त्याच्या दृष्टीने पाहिले तर सर्व काही ठीकच चालले आहे. मग सोडावयाचे कशासाठी?

मराठी माणसाला हे घर अनोळखी नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. ते पाहावयास नाटककार हयात नव्हते, त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचा अंत झाला होता. कोर्टात अपमान झालेला बुद्धिमान वकील सुधाकर, त्याच्या हाती पहिला प्याला देणारा तळीराम, आणि दळणकांडण करून घर चालविणारी सिंधू यांना ओळखत नाही असा नाटकवेडा मराठी माणूस विरळा. बालगंधर्वांच्या सिंधूने त्या पिढीला किती रडविले याच्या आठवणी कित्येक घरांत अजून सांगितल्या जातात. भावाची मदत ती नाकारते, माहेरी जात नाही, नवऱ्याची नाचक्की होऊ नये म्हणून सर्व काही सोसते. आपण तिला वंदन करीत आलो. आजचा मानसोपचारतज्ज्ञ हेच नाटक पाहील तर त्याचेही डोळे पाणावतील, पण तो जाता जाता असे विचारील, की या घरात सुधाकरावर उपचार करावयास कोणी आले असते तर सिंधूने दार उघडले असते का? गडकऱ्यांना दोष देण्याचा हेतू नाही. व्यसनी माणूस शपथ घेतो आणि मोडतो, मोडल्यावर अधिक लाजतो आणि लाजेपायी अधिक पितो, हे चक्र त्यांनी शंभर वर्षांपूर्वी इतके अचूक दाखविले, की वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनीही ते वाचावे. त्या काळी त्या चक्रातून बाहेर पडण्याची वाट मात्र कोणापाशीच नव्हती.

आज ती आहे. आणि तिची पहिली पायरी म्हणजे हा आजार आहे हे समजून घेणे. याचा अर्थ पिणाऱ्याची जबाबदारी संपली असा मुळीच नाही. मधुमेह झालेल्याला आपण गोड खाण्याबद्दल रागावतो, तरी औषधही आणून देतो, तसेच हे. रोज आणि पुष्कळ दारू पडत गेली म्हणजे मेंदू तिच्या गुंगीशी झुंजण्यासाठी स्वतःला सतत ताणून धरू लागतो. मग तेवढ्याच नशेसाठी अधिक दारू लागते, आणि ती एकाएकी बंद झाली तर ताणलेला मेंदू आवरेनासा होतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडीही येऊ शकते. काही जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेले किडे वा माणसे दिसू लागतात, ताप चढतो. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. म्हणून वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून, किंवा देवापुढे शपथ घालून, एका रात्रीत दारू बंद करविण्याचा प्रयोग घरी करू नये. रुग्णालयात हेच चार-सहा दिवस योग्य औषधांनी, आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन, बहुधा सुखरूप पार पडतात. हे जीवनसत्त्व मद्यपींच्या शरीरात फार कमी झालेले असते, आणि त्याच्या अभावी स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभर पाहणी केली व २०१९ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेत होते, आणि त्यांपैकी सुमारे २ कोटी ९० लाख लोक मद्याच्या पुरते आहारी गेलेले होते. यांतील ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेले ३७ कुठे होते? काहींना दवाखाना दूर असेल, काहींना पैसे नसतील. परंतु त्यांतील कितीतरी जण वर कल्पिलेल्या घरासारख्या घरांत, चांगल्या रुग्णालयापासून तासाभराच्या वाटेवर असतील, हे सांगावयास पाहणी करावी लागत नाही.

आमच्या शहरापुरते बोलावयाचे तर होसूर रस्त्यावरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेत व्यसनोपचाराचे स्वतंत्र केंद्र आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि जुने मनोरुग्णालय यांचे १९७४ मध्ये एकत्रीकरण होऊन ही संस्था झाली. तेथे जाणे म्हणजे वेड लागल्याचा शिक्का, ही भीती अजून जुन्या पिढीत आहे; प्रत्यक्षात तेथे बाह्यरुग्ण म्हणून जाऊन येणारे कितीतरी लोक दुसऱ्या दिवशी कामावर जातात. एवढे दूर जाणे जमत नसेल तर ओळखीच्या डॉक्टरांपासून आरंभ केला तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेने तयार करविलेली दहा साध्या प्रश्नांची एक प्रश्नावली असते. तीवरून पिणे कोणत्या थराला गेले आहे याचा अंदाज त्यांना पाच मिनिटांत घेता येतो. ओढ कमी करणारी औषधेही आता आहेत, आणि ती डायसल्फिरामसारखी भीतीवर चालत नाहीत.

मात्र औषधाने शरीर सावरते. संध्याकाळी सात वाजता काय करायचे, या प्रश्नाला औषधापाशी उत्तर नसते. ते शोधण्याचे काम महाराष्ट्रात ज्यांनी मनापासून केले त्यांत पुण्याच्या मुक्तांगणचे नाव प्रथम घ्यावे लागेल. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनात सापडलेल्या मुलांवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले व त्यांनी देणगी देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, ज्यांना सर्व जण सुनंदा म्हणून ओळखत, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने १९८६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सुरू झाले, आणि गर्दपाठोपाठ दारूचे रुग्णही तेथे येऊ लागले. रुग्णाला तेथे रुग्णमित्र म्हणतात. उपचार ३५ दिवसांचा. व्यायाम, आवारातील कामे, गटात बसून बोलणे, समुपदेशन, असा दिवस आखलेला. आणि रुग्णांशी बोलणारे कित्येक कार्यकर्ते एके काळी स्वतःच रुग्ण म्हणून तेथे आलेले. नव्याने आलेल्या माणसाला डॉक्टरांचे खरे वाटत नाही. पण समोरचा माणूस आपल्यासारखाच बायकोचे दागिने विकून आलेला होता हे कळले की तो ऐकू लागतो. मारहाण, साखळ्या, अंधारकोठडी यांपैकी कशाचीही गरज तेथे पडली नाही. अजूनही काही ठिकाणी बळजबरीने उचलून नेऊन डांबणारी 'केंद्रे' असतात, तेव्हा पत्ता घेण्यापूर्वी चौकशी करावी. रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे.

सुनंदाताईंनी आणखी एक गोष्ट ओळखली. रुग्णाच्या बरोबर आलेली ती थकलेली स्त्रीही उपचारासच आली आहे. रुग्णपत्नींसाठी मुक्तांगणने 'सहचरी' हा गट चालविला. तेथे बायका एकमेकींचे ऐकतात, आणि आपल्याच घरी हे घडते असे नाही, हे आयुष्यात प्रथमच त्यांना कळते. जगाच्या दुसऱ्या टोकालाही हेच घडले होते. अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन हा शेअरबाजारातील गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, दोघेही पक्के मद्यपी, एकमेकांशी मोकळेपणाने बोलून दारूपासून दूर राहू लागले. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना निर्माण झाली. पुढे विल्सन यांच्या पत्नी लोईस यांनी पाहिले, की पती सभेत बसलेले असताना बाहेर थांबणाऱ्या बायकांनाही बोलावयाचे असते. १९५१ मध्ये त्यांच्यासाठी अल-अनॉन सुरू झाले. दोन्ही संघटनांचे गट आपल्या मोठ्या शहरांतून चालतात, तेथे फी नसते, आणि नाव विचारले जात नाही.

येथे कोणी म्हणेल, मग हेही लपविणेच नव्हे का? नव्हे. नाव न सांगता दुखणे सांगणे ही एक गोष्ट, आणि नाव राखण्यासाठी दुखणेच न सांगणे ही अगदी दुसरी. पहिल्यात माणूस मोकळा होतो. चार भिंतींबाहेर एक तरी माणूस असा असावा, ज्याला खरे ठाऊक आहे: डॉक्टर, गटातली एखादी बाई, वडील दीर किंवा माहेरची वहिनी.

दारूबंदी असावी की नसावी, हा वाद येथे मुद्दाम टाळला आहे. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. प्रत्येकाचा अनुभव निराळा, आणि त्यावर स्वतंत्र लेख व्हावा. दुकान उघडे असो वा बंद, ज्या घरात आज संध्याकाळी पेला भरला जाणार आहे त्या घराला आजच काहीतरी करावयाचे असते.

तर काय करावे? सोमवारी कचेरीत खोटा फोन करू नये. रागाने नव्हे, शांतपणे, आदल्या दिवशीच सांगावे, की यापुढे तुमचा फोन तुम्ही करा. पिऊन आलेल्या माणसाशी रात्री वाद घालू नये. त्याला काही आठवणार नाही आणि आपली झोप तेवढी जाते. बोलायचे ते सकाळी, तो शुद्धीवर असताना, मुलांसमोर नव्हे. 'तुम्ही असे आहात' याऐवजी 'परवा अमुक झाले, आणि मला भीती वाटली' असे, घडलेलेच बोलावे. ज्या संध्याकाळी तो न पिता घरी येईल त्या संध्याकाळी सोबत जेवावे, फिरावयास जावे, आणि ते आवडले हे बोलून दाखवावे. न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मायर्स यांनी घरच्यांना शिकविण्याची जी पद्धत बसविली तिचा गाभा साधारण असाच आहे, आणि ती शिकलेल्या कुटुंबांतील रुग्ण उपचारासाठी अधिक प्रमाणात तयार होतात असे अभ्यासांतून दिसले आहे. मुलांशीही बोलावे. बाबांना आजार आहे, तो तुमच्यामुळे झाला नाही, आणि त्याविषयी तुम्ही माझ्याशी बोलू शकता, एवढे ऐकण्यासाठी मुले कित्येक वर्षे वाट पाहत असतात.

हात उगारला जात असेल तर मात्र हा सारा उपदेश बाजूला ठेवावा. तेथे प्रथम सुरक्षितता. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा हक्क आणि न्यायालयाचे संरक्षण पत्नीला, तसेच आईलाही, मागता येते. महिलांसाठी १८१ हा दूरध्वनी आहे. आजार हे मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही.

आणि उपचार घेऊन चार महिन्यांनी तो पुन्हा प्यायला तर? पुष्कळांचे असे होते. कुटुंबाला वाटते सर्व व्यर्थ गेले, नातेवाईक म्हणतात आम्ही म्हटलेच होते. या आजाराची चाल उच्च रक्तदाबासारखी आहे. एकदा वाढला म्हणून कोणी औषध टाकून देत नाही. किती दिवस तो दारूविना राहिला, कोणत्या प्रसंगी घसरला, पगाराच्या दिवशी की भांडणानंतर की लग्नाच्या मांडवात, हे डॉक्टरांना सांगितले तर पुढची आखणी त्यावरूनच होते. जुने मद्यपी, वीस वर्षे दारू न घेतलेलेसुद्धा, जन्मभर सोडली असे म्हणत नाहीत. आज घेतली नाही, एवढेच म्हणतात.

व्यसनमुक्तीविषयी माहितीसाठी सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे, आणि मनःस्वास्थ्यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानसचा १४४१६, दोन्ही निःशुल्क. रुग्णानेच फोन केला पाहिजे असे नाही. फोन पत्नीने केला तरी चालतो, आईने केला तरी चालतो, आणि दहावीतल्या मुलीने केला तरी पलीकडचा माणूस ऐकून घेतो. सांगावयाचे ते किती वर्षे, रोज साधारण किती, दारू न मिळाल्यास सकाळी हात थरथरतात का, पूर्वी कधी आकडी आली होती का, आणि घरात लहान मुले आहेत का.